सकाळच्या मीटिंगमध्ये सगळे 'ओके' म्हणतात आणि दुपारी एस्कलेशन येतं. टीममध्ये विश्वास कसा तयार करायचा?

मीठचौकी

नमस्कार मंडळी. गोरेगावला एका आरोग्यविमा कंपनीच्या कॅशलेस विभागात आहे. एप्रिलपासून टीम लीड झाले. प्रश्न लांबलचक आहे, पण मनापासून विचारतेय, म्हणून सगळं नीट लिहिते.

आमचं काम असं. पेशंट भरती झाला की रुग्णालयाच्या टीपीए डेस्ककडून, म्हणजे विम्याचे कागद बघणाऱ्या कक्षाकडून, मंजुरीचा अर्ज येतो आणि डिस्चार्जच्या दिवशी शेवटचं बिल येतं. विमा नियामकाच्या मे २०२४ च्या परिपत्रकाप्रमाणे पहिल्या अर्जावर १ तासात आणि डिस्चार्जच्या बिलावर ३ तासांत निर्णय द्यावा लागतो. उशीर झाला आणि रुग्णालयाने त्याबद्दल जादा आकार लावला, तर तो कंपनीने भरायचा. पैशाचं एक वेळ राहू दे. पलीकडे एक माणूस कपडे बदलून, पिशव्या भरून, औषधांची चिठ्ठी हातात घेऊन बेडवर बसलेला असतो. त्याला घरी जायचं असतं आणि आमच्या एका क्लिकसाठी तो अडकलेला असतो. हे मला फार लागतं.

टीम दोन ऑफिसांतून जोडलेली आहे. निम्मे गोरेगावचे जुने, निम्मे ठाण्याचं ऑफिस बंद झालं तेव्हा इकडे आणलेले. शिवाय काही जण कंत्राटी. सकाळी साडेनऊला मीटिंग होते. मी विचारते, "सगळं ओके?" सगळे म्हणतात, "ओके." दुपारी दोनला रुग्णालयातून फोन येतो की फाइल बारापासून हललेली नाही. मग कळतं की आमच्या डॉक्टरांचं मत आलं नव्हतं, किंवा एखादा आकडा जुळत नव्हता, आणि हे एकाला बारा वाजताच माहीत होतं. तो बोलला नाही.

दुसरा प्रकार त्याहून वाईट. क्वेरी टाकली, म्हणजे रुग्णालयाकडे आणखी कागद किंवा खुलासा मागितला, की आमच्या सिस्टीममध्ये आमचं घड्याळ थांबतं. त्यामुळे वेळ संपत आला की काहीतरी क्वेरी टाकली जाते. परवा अँजिओप्लास्टीच्या एका फाइलवर स्टेंटचं स्टिकर मागवलं गेलं. स्टिकर सातव्या पानावर चिकटवलेलं होतं. ज्याने क्वेरी टाकली त्याला ते दिसलं होतं, असं मला नंतर दुसऱ्याकडून समजलं.

ठाण्याचे आणि गोरेगावचे एकमेकांना फाइल समजावून देत नाहीत, नुसती ढकलतात. एचआरने कर्जतला रिसॉर्टवर एक दिवस नेण्याचं सुचवलंय. त्याने काही होईल का? तुमच्याकडे काय उपयोगी पडलं?

---

घोडबंदर_रोड

सहल जरूर काढा, पण कामाच्या दिवशी. रविवारी ठेवली तर ज्यांची मुलं लहान आहेत आणि ज्यांच्या घरी म्हातारी माणसं आहेत ते मनातून रागावतात आणि हसत फोटो काढतात. सहलीने ओळख वाढते, पण फाइल अडलीय हे सांगायची हिंमत त्याने येत नाही. ती ऑफिसातच यावी लागते.

---

थिएटर_सिस्टर

मीठचौकी, धागा वाचून राहवलं नाही. परळच्या एका मोठ्या रुग्णालयात ऑपरेशन थिएटरला आहे. आमच्याकडे "बोलला नाही" याचा अर्थ पोटात मॉप (रक्त टिपायचं कापड) राहिला असा होऊ शकतो, म्हणून थोडं सविस्तर सांगते.

जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये शस्त्रक्रियेसाठी १९ मुद्द्यांची एक यादी तयार केली. तीन वेळा थांबायचं: भूल देण्याआधी, चिरा देण्याआधी आणि पेशंट बाहेर नेण्याआधी. चिरा देण्याआधी तिथल्या प्रत्येकाने आपलं नाव आणि काम सांगायचं. आठ शहरांतल्या आठ रुग्णालयांत याचा अभ्यास झाला, त्यात दिल्लीही होतं. २००९ मध्ये निकाल छापून आले: शस्त्रक्रियेनंतरच्या मृत्यूंचं प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आलं, गुंतागुंत ११ टक्क्यांवरून ७ वर. नाव सांगण्याची गोष्ट मला सुरुवातीला वरवरची वाटायची. पण ज्याने एकदा मोठ्याने आपलं नाव सांगितलंय, त्याला पुढे "थांबा" म्हणणं सोपं जातं, हे मी रोज बघते.

आता एक प्रसंग. आमच्याकडे मॉप पाच-पाचच्या गठ्ठ्यात मोजतात आणि आकडा भिंतीवरच्या बोर्डावर लिहितात. पोट बंद करायच्या आधी पुन्हा मोजायचं. एकदा एक कमी आला. सर्जन खूप ज्येष्ठ, बाहेर पुढची केस टेबलवर घ्यायला तयार. ते म्हणाले, "आत काही नाही, मी पाहिलंय." आमची नवी मुलगी, नोकरीला लागून काही महिनेच झालेले, म्हणाली, "सर, काउंट जुळत नाही." आवाज कापत होता तिचा. सर्जन थांबले. त्यांनी पुन्हा आत हात घालून पाहिलं, आम्ही खाली शोधलं. मॉप बादलीच्या मागे, भिंतीला चिकटून पडलेला सापडला. म्हणजे पोटात खरंच काही नव्हतं.

इथे सगळं ठरतं बघा. सर्जन "सांगितलं होतं ना" असं म्हणाले असते, तर ती मुलगी पुढच्या वेळी दहादा विचार करून गप्प बसली असती, आणि तिच्याबरोबर तिथे उभे असलेले सगळेच. ते सगळ्यांसमोर म्हणाले, "बरं झालं बोललीस. असंच बोलत जा." त्यानंतर त्या थिएटरमध्ये काउंटवरून कोणीही गप्प बसलेलं मला आठवत नाही.

तेव्हा तुमच्याकडे कोणी खरी अडचण सांगेल तेव्हा तुम्ही चांगलंच वागाल. कोणी विनाकारण घाबरून सांगितलं आणि त्यात काही निघालं नाही, तर तुम्ही काय म्हणता त्याकडे टीम बघत असते.

---

माटुंगा_मानस

सिस्टर, फार मोलाचं लिहिलंत. याला संशोधनाचा भक्कम आधार आहे. हार्वर्डच्या एमी एडमंडसन यांनी १९९० च्या दशकात रुग्णालयांतल्या परिचारिकांच्या टीमवर काम केलं. ज्या टीम चांगल्या, तिथे औषधांच्या चुका कमी असतील अशी अपेक्षा होती. आकडे उलटे आले: चांगल्या टीममध्ये नोंदलेल्या चुका जास्त. खोलात गेल्यावर उलगडा झाला की त्या टीम चुका जास्त करत नव्हत्या, त्या बोलून दाखवत होत्या. बाकीच्या ठिकाणी चुका झाकल्या जात होत्या. पुढे १९९९ च्या निबंधात त्यांनी यालाच टीमची मानसिक सुरक्षितता म्हटलं. गूगलने स्वतःच्या १८० टीम तपासल्या तेव्हाही टीममध्ये कोण आहे यापेक्षा ते एकमेकांशी कसं वागतात हेच जास्त महत्त्वाचं ठरलं, आणि त्यात हाच मुद्दा सर्वांत वर होता.

मीठचौकी, याचा तुमच्यासाठी थेट अर्थ असा की पहिल्या महिन्यात अडलेल्या फाइलींचा आकडा वाढला तर तो चांगला संकेत समजा. तुमच्या वरिष्ठांना हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर आकडा वाढलेला पाहून ते तुम्हालाच बोलावतील आणि सगळं तिथेच थांबेल.

---

गोरेगावकर_पूर्व

वाचनखूण साठवली. आमच्याकडेही अगदी हेच. वाचतोय.

---

सीप्झ_गेट

सगळे प्रतिसाद चांगले आहेत, पण एका गोष्टीला कोणी हात लावलेला नाही, म्हणून स्पष्ट लिहितो.

मी अशाच एका ऑफिसात थर्ड पार्टी पेरोलवर काम केलंय. आमच्या ओळखपत्राच्या दोरीचा रंग वेगळा. दिवाळीचा डबा कायमच्या लोकांना. सकाळच्या मीटिंगला आम्ही नाही, पण फाइल उशिरा गेली की मेलमध्ये आमचं नाव पहिलं. अशा ठिकाणी "मोकळेपणाने बोला" म्हटल्यावर आम्ही काय बोलणार? तोंड उघडलं तर पुढच्या महिन्यात कंत्राट वाढत नाही, हे आम्ही डोळ्यांनी पाहिलेलं होतं.

कायमच्या लोकांचंही दुखणं आहेच. वर्षाअखेरीस बेल कर्व्ह. दहातल्या एकाला खालची श्रेणी द्यायचीच, मग सगळ्यांनी कितीही चांगलं काम केलं तरी. मी शेजारच्याला फाइल समजावून दिली तर तो माझ्या पुढे जाणार. अशा वेळी न शिकवणं हाच शहाणपणा ठरतो. मायक्रोसॉफ्टसारख्या कंपनीने नोव्हेंबर २०१३ मध्ये ही पद्धत बंद केली, त्यामागे एक मोठं कारण हेच होतं की लोक बाहेरच्या स्पर्धेऐवजी शेजारच्या टेबलाशी लढत होते. आपल्याकडे अजून कितीतरी ठिकाणी ती चालू आहे.

मीठचौकी, तुमचे लोक वाईट नाहीत. त्यांनी हिशोब केलाय आणि त्यांचा हिशोब बरोबर आहे. तो बदलता येतो का ते बघा.

---

मीठचौकी

सीप्झ_गेट, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. आमच्याकडे भिंतीवर टॅटचा (फाइलला किती वेळ लागला त्याचा) तक्ता लागतो, प्रत्येकाच्या नावापुढे लाल-हिरवा रंग. तो वरून आलेला आहे. लाल टाळायला क्वेरी टाकली जाते, हे आता मला स्वच्छ दिसतंय. कंत्राटी मंडळी आमच्याही मीटिंगला नसतात. त्यांना त्या वेळी इनबॉक्स सांभाळायला बसवलेलं असतं. हे दोन्ही माझ्या आवाक्यातलं आहे असं वाटतं. बघते.

---

निवृत्त_गार्ड

मध्य रेल्वेच्या लोकलवर गार्ड होतो. २०२२ पासून या पदाला ट्रेन मॅनेजर म्हणतात.

बारा डब्यांची गाडी जवळजवळ पाव किलोमीटर लांब. पुढच्या टोकाला मोटरमन, मागच्या टोकाला गार्ड. एकमेकांचं तोंड दिसत नाही. रोस्टरप्रमाणे रोज जोडीदार वेगळा. काही मोटरमनशी माझी चहापुरतीही ओळख नव्हती. तरी संध्याकाळी सहाला दादरच्या गर्दीत गाडी कशावर चालते? घंटीवर. दोन घंट्या म्हणजे निघा, एक घंटी म्हणजे थांबा. मागून दोन घंट्या आल्याशिवाय मोटरमन गाडी काढणार नाही. कोण सिनियर, कोणाचं कोणाशी पटतं, हा प्रश्नच येत नाही.

हे एवढ्यासाठी सांगतो की तुमच्या ठाण्याच्या आणि गोरेगावच्या माणसांची मैत्री व्हायची वाट पाहू नका. होईल तेव्हा होईल. तोवर ठरलेली खूण द्या. फाइल दुसऱ्याकडे दिली तर काय सांगून द्यायची, घेणाऱ्याने "मिळाली, कळली" हे कसं कळवायचं, हे पक्कं करा. रात्रीच्या शेवटच्या गाडीला परका माणूसही माझ्या घंटीवर विसंबून गाडी काढायचा, कारण मी आजवर गाडी बघितल्याशिवाय घंटी दिली नव्हती आणि माझ्या जागी दुसरा असता तरी त्याने दिली नसती. असा विश्वास परक्या माणसांतही बसतो आणि पुष्कळ टिकतो.

---

घोडबंदर_रोड

काका, अप्रतिम. "मिळाली, कळली" हे उद्यापासून आमच्याकडे सुरू करतोय.

---

मावळचा_मुंबईकर

मुंबईत टीमवर्क म्हटलं की डबेवाल्यांचं नाव निघतंच, आणि या धाग्यावर ते अजून निघालं नाही म्हणून मीच काढतो. वडील डबे वाहायचे, अंधेरी ते चर्चगेट. लोक कोड आणि वेळेचं कौतुक करतात, हार्वर्डने २०१० मध्ये त्यावर केस स्टडी केली, ते सगळं ठीकच आहे. घरात बसून मला वेगळं दिसायचं.

१८९० मध्ये महादू हावजी बच्चे यांनी हे काम सुरू केलं आणि १९५६ मध्ये संस्था नोंदवली गेली. पण रोजचा व्यवहार छोट्या गटाचा असतो. गटाचा मुकादम हा स्वतः वर्षानुवर्षं डबे वाहिलेला माणूस. गटाचे पैसे एकत्र येतात, सायकलचा, पासाचा खर्च वजा होतो आणि उरलेल्याची वाटणी होते. एखादा आजारी पडला तर त्याची लाइन उचलायला गटात दोन-तीन जादा माणसं ठेवलेली असतात. वडिलांना ताप असला तर ते आदल्या रात्रीच मुकादमाला सांगायचे. लपवून काय मिळणार? सकाळी स्टेशनवर डबे पडून राहिले असते तर नुकसान सगळ्यांच्या वाटणीतून गेलं असतं, आणि सांगितल्याने त्यांचं काही कमी होत नव्हतं. सीप्झ_गेट म्हणतात तो हिशोब, फक्त उलट्या बाजूने मांडलेला.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. बहुतेक माणसं मावळ, खेड, जुन्नर, आंबेगाव या भागातली, बरेचदा एकमेकांच्या नात्यातली. त्या विश्वासाला गावाचा आधार आहे. बाहेरच्याला तिथे शिरणं अवघड, आणि भांडण झालं तर ते गावच्या जत्रेपर्यंत जातं. तुमच्या ऑफिसला हे जमणारं नाही आणि जमवूही नये. पण पैशाची नि कौतुकाची वाटणी गटाची असावी, हे घेण्यासारखं आहे. त्यासाठी एका गावचं असावं लागत नाही.

---

माटुंगा_मानस

गार्डकाका आणि मावळचे मुंबईकर यांचे दोन्ही प्रतिसाद शेजारी ठेवून वाचा. एकीकडे रोजचा अनोळखी जोडीदार, दुसरीकडे नात्यातली माणसं. दोन्हीकडे बोलणाऱ्याचं नुकसान होत नाही.

---

मीठचौकी

गणपतीनंतर परत आले. सगळ्यांचे आभार मानून काय काय केलं ते लिहिते.

आधी वरिष्ठांशी बोलले. माटुंगा_मानस यांनी सांगितल्याप्रमाणे आकडा वाढेल हे आधीच सांगितलं. भिंतीवरचा नावांचा तक्ता काढून टीमचा एकच आकडा लावायचं त्यांनी दिवाळीपर्यंत कबूल केलंय. ते सहज तयार झाले असं नाही. स्टेंटच्या स्टिकरची फाइल दाखवली, त्या पेशंटला किती वेळ थांबावं लागलं ते दाखवलं, तेव्हा ऐकलं.

मीटिंगमधला "सगळं ओके?" हा प्रश्न बंद. आता प्रत्येकाने कोणती फाइल अडलीय आणि कोणाकडे, हे सांगायचं. काही नसेल तर "माझ्याकडे अडलेली नाही" असं पूर्ण वाक्य बोलायचं. बारा वाजता उभ्या-उभ्या दहा मिनिटं, फक्त तासाभरापेक्षा जुन्या फाइलींसाठी. कंत्राटी मंडळी दोन्हीला येतात. इनबॉक्स आळीपाळीने सांभाळतो, मीसुद्धा.

क्वेरी टाकण्याआधी दुसऱ्या एकाने फाइल बघायची, आणि ही जोडी एक ठाण्याचा, एक गोरेगावचा. याला पहिल्यांदा खूप नाकं मुरडली गेली. वेळ जातो म्हणाले. पहिला आठवडा वेळ गेलाच.

गेल्या मंगळवारी बाराच्या उभ्या मीटिंगमध्ये एक कंत्राटी मुलगी म्हणाली, "ही गुडघ्याच्या ऑपरेशनची फाइल माझ्याकडून होणार नाही. इम्प्लांटचं बिल आणि पॅकेज यांतला फरक मला कळत नाहीये." क्षणभर कोणी काही बोललं नाही. मला सिस्टरांचे सर्जन आठवले. मी म्हटलं, "बरं झालं आत्ताच सांगितलंस." तेवढ्यात ठाण्याच्या एक ताई स्वतःची खुर्ची ओढून तिच्या शेजारी जाऊन बसल्या. पॅकेजमध्ये इम्प्लांट धरलेलं नव्हतं, वेगळं बिल लावलेलं बरोबर होतं. कराराचं पान उघडून त्यांनी तिला ओळ दाखवली. एकच्या आत मंजुरी गेली. दुपारी तिसऱ्याच एका मुलाने तसलीच फाइल त्या मुलीला विचारून केली.

एक गाठ मात्र सुटत नाही. गोरेगावचे एक जुने सहकारी आहेत. विमा, वैद्यकीय कोड, रुग्णालयांचे करार, सगळं तोंडपाठ. मला लीड केलं तेव्हा खरं तर त्यांचा नंबर होता. मीटिंगमध्ये ते "माझ्याकडे अडलेली नाही" एवढंच म्हणतात आणि बसतात. कोणी विचारलं तर सांगतात, स्वतःहून एक शब्द नाही. त्यांच्याकडे बघून आणखी दोघे गप्प असतात. त्यांच्याशी कसं बोलू?

---

निवृत्त_गार्ड

त्यांना एकट्याला भेटा आणि सरळ सांगा की तुमचा नंबर होता हे मला माहीत आहे. हे ऑफिसात सगळ्यांना माहीत असतं आणि कोणीच तोंडावर बोलत नाही. तुम्ही बोललात तर निम्मं ओझं उतरेल. ते त्यावर काही बोलले नाहीत तरी लगेच दुसरा विषय काढू नका.

---

थिएटर_सिस्टर

काकांशी सहमत. आणि "मला मदत करा" असं म्हणू नका, त्याने त्यांना आणखी लागेल. खरा अधिकार द्या. कोणती क्वेरी जायची आणि कोणती नाही, हा शेवटचा शब्द त्यांचा ठेवा, वर तुमची सही नको. कधी तुम्ही मंजूर केलेली फाइल त्यांनी सगळ्यांसमोर अडवली, तर त्या वेळी थांबा आणि बघा काय म्हणताहेत. ते आणि त्यांच्याकडे बघणारे दोघे त्याच दिवशी ठरवतील की बोलायचं की नाही.

---

सीप्झ_गेट

फक्त ही जबाबदारी कागदावर आणा. नुसता मान दिला आणि वर्षाअखेरीस फॉर्ममध्ये त्याचा उल्लेखच नाही, असं माझ्या डोळ्यांसमोर एका ज्येष्ठ माणसाचं झालंय. त्यानंतर त्यांनी कोणालाच काही शिकवलं नाही.

---

मीठचौकी

हे अगदी वेळेवर सांगितलंत. ऑक्टोबरमध्ये मध्यावधी फॉर्म भरायचे आहेत. क्वेरी तपासणी ही त्यांची जबाबदारी म्हणून त्यात लिहून घेता येईल, आणि ठाण्याच्या ताईंनी शिकवलं त्याचीही नोंद तिथेच करता येईल. उद्या एचआरकडून फॉर्मचा रकाना बघून घेते आणि मग शुक्रवारी त्यांच्याशी बोलते. सहल कामाच्या दिवशीच ठरलीय, कंत्राटी सगळे धरून.